झिजलेला ब्रश

एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडात बघून पोट भरलं. हे असं सांगितलं की आमच्या उमरोळीतल्या बायका हसायला लागतात, पण खरं तेच आहे. बोईसरच्या एका दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस होते. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून थुंकी ओढणारी नळी धरायची, दातात भरायचं सिमेंट कालवायचं, हत्यारं निर्जंतुक करून मांडायची आणि तार लावलेल्या मुलांना दात कसे घासायचे ते शिकवायचं. हे शेवटचं काम माझं खास. त्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही, असं मला वाटायचं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामातल्या गमती लिहायला सांगितल्या म्हणून वही घेऊन बसले, तर चार ओळींत एक ब्रश डोळ्यांपुढे आला. आज पाच वर्षं झाली, तरी तो विसरता येत नाही. गमतीही सांगते, पण खरं सांगायचंय ते त्या ब्रशाचं.

ज्यांनी तार लावलेली नाही त्यांच्यासाठी थोडं समजावते. लोक तिला क्लिप म्हणतात. प्रत्येक दातावर धातूचा एक बारीक चौकोनी तुकडा चिकटवतात, त्यातून तार ओवतात आणि वरून इवल्याशा रबरी कड्या बसवतात. तार दात हळूहळू ओढत आणते. दीड वर्षं, दोन वर्षं. तुमच्याआमच्या दातांवरून घास घसरून जातो, तारेच्या दातांत मात्र त्याला अडकायला जागाच जागा. पोहे अडकतात, मेथी अडकते, शेंगदाण्याचं कूट तर मुक्कामालाच येतं. ते तिथं राहिलं की पांढरट साका धरतो, त्यातून आंबट तयार होतं आणि ते दाताचं वरचं कवच खातं. हिरडी सुजते. दोन वर्षांनी तार काढावी तर दात सरळ, पण प्रत्येक दातावर चौकोनाभोवती खडूसारखा पांढरा डाग, आणि तो कायमचा. म्हणून आधी हिरडीकडून तारेपर्यंत, मग खालून तारेपर्यंत, मग तारेच्या मागून एका छोट्या ब्रशाने. तो म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लूच. हे सगळं दर जेवणानंतर. आपल्याकडे दात घासायचे ते सकाळी, चहाच्या आधी. जेवल्यावर घासा म्हटलं की माणसं माझ्याकडे अशी बघायची, जणू मी त्यांना दिवसातून तीनदा आंघोळ करायला सांगतेय.

बुधवार हा आमचा तारांचा वार. त्या दिवशी वीज केंद्राच्या कॉलनीतली मुलं यायची, कारखान्यातले तरुण कामगार यायचे, किनाऱ्यावरच्या कोळणी पोरींना घेऊन यायच्या. माझा नियम एकच होता: येताना आपला ब्रश घेऊन यायचा. तोंड नंतर, आधी ब्रश. तारेवर रोज घासणाऱ्याचा ब्रश महिन्याभरात पिसारतो. न घासणाऱ्याचा ब्रश नव्या नवरीसारखा बसलेला असतो. माणूस खोटं बोलेल, ब्रश बोलत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. ब्रश झिजलेला नसेल तर खुर्चीवर बसायचं नाही, परत जायचं आणि पुढच्या बुधवारी यायचं. डॉक्टर स्वभावाने गरीब. ते म्हणायचे, "विजयाताई, तुमच्यापुढे माझं काय चालणार?" मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका कारखान्यातल्या मुलाने तर दुकानातून त्याच सकाळी घेतलेला ब्रश पुढे केला होता. पाकिटाची घडी अजून दांड्याला चिकटलेली. वर मलाच म्हणतो, "मैडम, मैं बहुत हल्के हाथ से करता हूँ." कॉलनीतल्या एका साहेबांच्या मुलाला मी गुलाबी गोळी चघळायला दिली. ती गोळी जिथं जिथं साका असेल तिथं रंगते. पोराचं तोंड रंगपंचमी खेळून आल्यासारखं झालं आणि त्याची आई किंचाळायची बाकी राहिली. मी आरसा तिच्याच हातात दिला. आणि एका कोळणीला मी सांगितलं होतं की पोरीला कडक काही नको, मऊ खायला द्या, बोंबील चालेल. पुढच्या बुधवारी तीन चौकोन तुटलेले. "तुमीच बोल्ल्या ना बाय, बोंबील चालंल," ती म्हणाली. मी म्हटलं होतं ओला बोंबील, तिने खायला दिला होता सुका. सुका बोंबील म्हणजे वाळलेली चप्पल. यात माझी चूक असेल तर अर्धी.

या सगळ्यांत वनिताचा ब्रश पहिला नंबर होता.

वनिता जव्हारच्या अंगाच्या एका पाड्यावरची. आमचे डॉक्टर शाळांमधून दात तपासायला जायचे, तिथं त्यांना ही नववीतली मुलगी दिसली. वरचे दोन सुळे हिरडीतून बाहेर आलेले, पुढचे दात एकमेकांवर चढलेले. बोलताना, हसताना, अगदी जांभई देतानासुद्धा हात तोंडावर. वर्गात उत्तर येत असून उठायची नाही. डॉक्टरांनी तिचा सगळा खर्च आपल्याकडे घेतला. दातांना सरकायला जागा हवी म्हणून वरचे दोन चांगले दात काढले आणि दिवाळीनंतर तार लावली. बरोबर तिची आजी यायची. काटकुळी, उन्हाने रापलेली, गाल आत गेलेले, पदर सतत ओठांवर धरलेला. केसपेपरवर पालकांचं नातं लिहायचं असतं, तिथं मीच "आजी" लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. म्हटलं, "बसा आजी बाकावर." ती बसली.

पहिल्या महिन्याला वनिताने ब्रश दाखवला तो कोराच. मी नियमाप्रमाणे दोघींना दारातूनच परत पाठवलं. चार लोकांसमोर म्हटलं, "डॉक्टर एवढे कष्ट घेतात आणि तुम्हाला दात घासायचा कंटाळा. पुढच्या बुधवारी या, आणि ब्रश झिजवून या." आजीने पिशवी उचलली. पोरगी खाली मान घालून गेली. त्या दिवशी त्या पहाटे निघून तीन गाड्या बदलून आल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या बुधवारी ब्रश पिसारलेला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात तर सपाटच. मी खूश. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची सवय झालेल्या बाईला असा एखादा विद्यार्थी मिळाला की काय होतं, ते मास्तर लोकांना विचारा. मी तो ब्रश कॉलनीतल्या पोरांना दाखवायचे. "बघा, पाड्यावरची मुलगी आहे. घरात नळ नाही आणि ब्रश बघा तिचा." ते कुटुंब पुढे कामासाठी बेटेगावला खोली घेऊन राहायला आलं. बाप ट्रकवर भराई-उतराईला, आजी बांधकामावर. पावसात दोन महिने सगळे भातलावणीला गावी गेले, तेव्हा वनिता आली नाही. आली ती पुन्हा झिजलेला ब्रश घेऊन.

आता इथं मला थांबून कबूल करायला हवं. त्या ब्रशाचे केस मुळापाशी करडे झालेले असायचे. आणि ते एकाच बाजूने झिजायचे, सपाट, चंदनाचं खोड झिजतं तसे. दातांवर ब्रश असा झिजत नाही. तो चहूबाजूंनी पिसारतो. हे मला माहीत होतं, इतरांना मीच शिकवायचे. पण मी म्हटलं, बोअरचं पाणी असेल, क्षार असतील. हिरड्या जरा लाल दिसायच्या तेव्हा म्हटलं, वयात येणारी मुलगी आहे, होतं असं. मी ब्रश बघत होते, आणि तोंड बघायचं काम डॉक्टरांचं होतं. त्यांनी दोनतीनदा विचारलं, "वनिता घासते ना नीट?" मी दर वेळी म्हटलं, "एक नंबर."

चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी तार बदलायला म्हणून सगळ्या रबरी कड्या काढल्या आणि ते खाली वाकले. मग म्हणाले, "ताई, जरा दिवा जवळ घ्या." मी दिवा जवळ घेतला. खालच्या चार चौकोनांवर हिरडी चढली होती. जांभळी, सुजलेली, चौकोन अर्धे गिळलेले. डॉक्टरांनी कापसाने नुसतं टेकवलं तर भळकन रक्त आलं. चौकोनांच्या कडेने खडूसारखा पांढरा रंग धरायला लागला होता. पावसानंतरचे चार महिने डॉक्टर फक्त वरची तार आवळत होते, तेवढ्यात खाली हे एवढं वाढलं होतं. एवढी वर्षं मी हे काम केलं, पण माझ्या हाताखालच्या मुलीचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं.

"हिने चार महिने तरी ब्रश लावलेला नाही," डॉक्टर म्हणाले.

"असं कसं होईल? ब्रश बघा ना," मी म्हटलं आणि ट्रेमधला तो ब्रश उचलून त्यांच्यापुढे धरला. धरताना माझा अंगठा केसांवर फिरला आणि काहीतरी खरखरीत लागलं. वाळूचे कण होते. सिमेंट.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. ते शांतपणे म्हणाले, "तार काढावी लागेल. अशा हिरड्यांवर दात ओढले तर दात हातात येतील." मग जे होणार होतं ते मला कळत होतं, वनिताला कळत होतं की नाही ठाऊक नाही. दोन चांगले दात काढून केलेल्या जागा अजून भरल्या नव्हत्या. आता तार काढली तर त्या खिडक्या तशाच राहणार, सुळे अर्ध्या वाटेवर राहणार, आणि पोरीचा हात तोंडावरून जन्मभर हलणार नाही. मला तिचा असा राग आला की काय सांगू. मी आवाज चढवला. "खोटारडी आहेस तू. चौदा महिने माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस. कशावर घासत होतीस हा ब्रश?"

वनिता खुर्चीवर रडायला लागली, तोंडावर हात धरून. तेव्हा बाकावरून आजी उठली.

"तिला नका रागवू बाय," ती पदराआडून म्हणाली. "तो मी घासते. दगडावर."

मला आधी समजलंच नाही. "काय दगडावर?"

"ब्रश. कामावं पाणी भरतो ना, तिथं दगड हाय. रोज सकाळी घासते थोडा. तुमी नवा ब्रश दिसला का परत धाडता. पोरीचा दिस बुडतो, माजा बी बुडतो. आन डॉक्टर क्लिप काढून टाकतील, असं वाटलं."

मी ब्रश परत ट्रेमध्ये ठेवला. कामाला लागायच्या आधी एक म्हातारी रोज दगडावर ब्रश घासतेय, आणि का, तर विजयाबाईंनी चिडू नये म्हणून. माझा नियम तिने माझ्यापेक्षा मनापासून पाळला होता.

"पण मग वनिता दातांवर का घासत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

वनिताच बोलली, हुंदके देत. "घासायची पयला. मग रक्त याया लागलं. रक्त आलं का घासायचं नाय ना. जखम मोठी होते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी रागवता."

दोनच शब्द. मी एकोणतीस वर्षं प्लास्टिकच्या जबड्यावर दात घासून दाखवले. रोज, कुठून कसं किती ते सांगितलं. माझ्या त्या सगळ्या भाषणात रक्त हा शब्दच नव्हता. प्लास्टिकच्या जबड्याला रक्त येत नाही. हिरडीतून रक्त येतं ते घासल्यामुळे येत नाही, न घासल्यामुळे येतं, आणि ते आलं की तिथंच हलक्या हाताने जास्त घासायचं असतं. आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट ही. ती मला इतकी माहीत होती की कुणाला सांगायची असते हेच मी विसरले होते. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय.

मी डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, मला नऊ दिवस द्या. तार बाजूला काढून ठेवा, चौकोन राहू द्या. रोज सकाळी ही माझ्याकडे येईल. नऊ दिवसांत रक्त थांबलं नाही तर काढा सगळं. डॉक्टरांनी साका खरवडून काढला, औषध लावलं आणि म्हणाले, "नऊच."

दुसऱ्या दिवसापासून मी दवाखाना तासभर आधी उघडायला लागले. बेटेगावहून दोघी चालत यायच्या. आजी कामाची घमेली-फावडी बाहेर भिंतीला लावून आत बसायची. मी वनिताचं डोकं माझ्या पोटाला टेकवून, मऊ ब्रशाने एकेक दात घासायचे. पहिल्या दिवशी बेसिन लालभडक. पोरगी घाबरून माझं मनगट धरायची. मी म्हणायचे, "येऊ दे. हे वाईट रक्त आहे, निघून जाऊ दे." हे शास्त्रात बसत नाही, पण तिला समजत होतं. आजी उठून बेसिनपाशी येऊन बघायची आणि परत जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मी ब्रश वनिताच्या हातात दिला आणि तिचा हात माझ्या हातात धरला. पाचव्या दिवशी फक्त मागच्या दाढांकडून आलं. त्या नऊ दिवसांत मी कुणावर ओरडले नाही. घरात नवऱ्याने विचारलं, बरं नाही का वाटत.

वनिताची तार राहिली, हे आधीच सांगून टाकते. पुढे वर्षभराने निघाली. दात सरळ आले, खिडक्या भरल्या. खालच्या चार दातांवर चौकोनांचे पांढरे डाग आहेत, ते जाणार नाहीत. ते माझे डाग आहेत असं मी समजते. ती आता पालघरला नर्सिंग शिकते आणि हसताना हात खालीच असतो. हे सगळं छान झालं. मला सांगायचाय तो नववा दिवस.

नवव्या दिवशी वनिताने स्वतःच घासलं. वर, खाली, तारेच्या जागी, सगळीकडे. चूळ भरली आणि बेसिनमध्ये थुंकली. पांढरा फेस. मी वाकून बघितलं, डॉक्टरांना हाक मारली, त्यांनीही बघितलं. हिरडी गुलाबी झाली होती, कापूस लावला तरी कोरडा. डॉक्टर हसले आणि तार आणायला आत गेले. माझे डोळे भरून आले, मास्कमुळे कुणाला दिसलं नाही.

आजी बेसिनपाशी आली होती. ती त्या पांढऱ्या फेसाकडे बराच वेळ बघत राहिली.

"थांबलं?" तिने विचारलं.

"थांबलं आजी. पूर्ण."

"माज्यात बी थांबंल?"

आणि तिने पदर खाली घेतला आणि तोंड उघडलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. वरचे पुढचे दात नव्हतेच. बाजूला दोन होते, ते जिभेच्या धक्क्याने हलत होते. खाली सहासात, मुळं उघडी पडलेली, आणि सगळ्या हिरड्या जांभळ्या, रक्ताने ओलसर. "पोर असतानाच रक्त याया लागलं," ती म्हणाली. "माजी आय बोल्ली, रक्त येतं तिथं हात नाय लावायचा. मंग मी घासलंच नाय. मंग येकेक पडले. हिला बी तसं व्हया नको म्हणून सांगितलं, नको घासू."

माझ्यापासून दोन हातांवर बाकावर बसलेली असायची ही. मी कधी "उघडा बघू" म्हटलं नव्हतं. मी नेहमीचं काम केलं, नवीन केसपेपर काढला. नाव लिहिलं, जानकी. मग वनिताला विचारलं, "आजीचं वय काय असेल गं? अंदाजे सांग."

वनिताने मान वर केली. "आजी? आये हाय ती माजी," ती म्हणाली. "आधार कार्डाच्या हिशेबानं तेहतीस हाय."

पेन तिथंच राहिलं. माझी मुलगी त्या वर्षी पस्तीस वर्षांची झाली होती. चौदा महिने मी तिला आजी म्हटलं, कागदावर माझ्या हाताने आजी लिहिलं, आणि तिने एकदाही ते दुरुस्त केलं नाही. ते दुरुस्त केलं असतं तरी मी रागावले असते, असं तिला वाटलं असेल. वाटायला कारण होतं.

मी कपाटातून नवा मऊ ब्रश काढून तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, केसांवरून अंगठा फिरवला.

"येताना आनाया लागंल का हा?" तिने विचारलं. "दर वेळंला?"

"नको," मी म्हटलं. "ब्रश घरी राहू दे जानकी. तू ये."